निवृत्तीनंतरचे स्थलांतर आणि वस्तीची निवड : पुणे शहराच्या विशेष संदर्भात

बीजशब्द : निवृत्ती, स्थलांतर, वार्धक्य, वस्ती, गृहनिर्माण संस्था, पुणे.

प्रस्तावना

लातूर, नांदेड, अकोला, जळगाव, रत्नागिरी अशा जिल्ह्याच्या ठिकाणी तीस-पस्तीस वर्षे अध्यापन करून निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांपैकी अनेक जण उर्वरित आयुष्यासाठी पुणे शहराचा विचार करतात. मुले तेथे नोकरीस असतात, वैद्यकीय उपचारांची सोय असते, हवा तुलनेने सौम्य असते आणि ज्यांनी आयुष्य पुस्तकांत घालवले त्यांना तेथील ग्रंथालयांचेही आकर्षण असते. पुण्यास जावयाचे हे बहुधा निवृत्तीच्या चार-पाच वर्षे आधीच ठरलेले असते. पुण्यात नेमके कोठे राहावयाचे, हा प्रश्न मात्र शेवटच्या दोन महिन्यांत, दोन-तीन रविवारी चार गृहप्रकल्प पाहून आणि दर चौरस फुटाच्या भावाची तुलना करून निकालात काढला जातो. विद्यार्थ्याच्या प्रबंधातील एका तळटीपेसाठी आठवडा देणारा मार्गदर्शक स्वतःच्या उरलेल्या आयुष्याचा पत्ता एका दुपारी ठरवितो, हे काहीसे आश्चर्यकारक आहे.

प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार वार्धक्यशास्त्राच्या अंगाने आणि पुण्यातील प्रत्यक्ष परिस्थितीच्या आधारे केला आहे. घर साठाव्या वर्षीचा मनुष्य घेतो. त्या घरात अधिक काळ वावरतो तो सत्तरीतला आणि ऐंशीतला मनुष्य, आणि पुष्कळदा तो एकटा असतो. वस्तीची परीक्षा या दुसऱ्या मनुष्याच्या दृष्टीने व्हावयास हवी, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सैद्धांतिक आधार

एम. पॉवेल लॉटन आणि ल्यूसिल नाहेमो या अमेरिकन अभ्यासकांनी १९७३ मध्ये वृद्ध व्यक्ती आणि तिचा परिसर यांच्या संबंधाविषयी एक सिद्धांत मांडला. प्रत्येक परिसर व्यक्तीवर काही एक भार टाकतो : जिना चढावा लागतो, रस्ता ओलांडावा लागतो, भाजी आणण्यासाठी वाहन काढावे लागते. व्यक्तीची क्षमता भरपूर असेपर्यंत हा भार जाणवतही नाही. क्षमता जसजशी घटते तसतसा परिसर अधिकाधिक निर्णायक होत जातो. तरुणाला वाईट वस्ती गैरसोयीची वाटते, वृद्धाला मात्र तीच वस्ती घरात कोंडून ठेवू शकते. घर पाहावयास जाणारा साठीतील मनुष्य स्वतःच्या दुचाकीवर किंवा मुलाच्या मोटारीतून जातो, आणि म्हणून त्या वस्तीचा खरा भार त्याला मोजताच येत नाही.

दुसरा उपयुक्त विचार युजीन लिटवाक व चार्ल्स लाँगिनो यांचा आहे. १९८७ मध्ये त्यांनी उत्तरायुष्यातील स्थलांतराचे तीन टप्पे सांगितले. निवृत्तीच्या सुमारास, प्रकृती चांगली आणि जोडीदार सोबत असताना मनुष्य हवापाणी व करमणूक पाहून स्थलांतर करतो. पुढे दैनंदिन कामे जड होऊ लागल्यावर, अनेकदा जोडीदाराच्या मृत्यूनंतर, तो मुलांच्या जवळ जातो. शेवटी घरच्यांना सांभाळणे अशक्य झाल्यास तो शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत जातो.

अमेरिकेतील ही मांडणी आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही. महाराष्ट्रातील नोकरदार मध्यमवर्गीय मनुष्य आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घर घेतो. उपदान, निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणातून मिळालेली रक्कम आणि भविष्य निर्वाह निधी यांची गोळाबेरीज एका सदनिकेत संपते. तीन टप्प्यांसाठी तीन स्थलांतरे त्याला परवडणारी नसतात. एकाच स्थलांतरात त्याला टेकडीवरची सकाळ हवी असते, मुलांचे सान्निध्य हवे असते आणि आजारपणाची सोयही हवी असते. ज्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन लागू नाही अशा प्राध्यापकांच्या बाबतीत तर हाती आलेली एकरकमी पुंजी चुकीच्या जागी अडकली, तर ती चूक दुरुस्त करण्यास पुढे साधनच उरत नाही.

साठीतील खरेदीदार आणि ऐंशीतील रहिवासी

भारतात साठ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस आणखी सरासरी सुमारे अठरा वर्षे आयुष्य अपेक्षित असते, असे नमुना नोंदणी पद्धतीचे आकडे दर्शवितात. स्त्रियांच्या बाबतीत ते पुरुषांपेक्षा काहीसे अधिक आहे. त्यातच पती वयाने मोठा असण्याची आपली रीत. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते. देशभरातील या वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या विधवा होत्या, तर पुरुषांत विधुरांचे प्रमाण त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास होते.

या आकड्यांचा वस्तीच्या निवडीशी थेट संबंध आहे. निवृत्तीनंतरचे घर अखेरीस बहुधा पत्नीच्या वाट्यास येते. निवड मात्र पतीच्या नावे मिळालेल्या पैशातून आणि त्याच्या आवडीनिवडीनुसार होते. शहराबाहेरची शांतता, बाल्कनीतून दिसणारा डोंगर, मोटार लावण्यास जागा या गोष्टी त्याला भुरळ घालतात. बाईंना मोटार चालविता येत नसेल, तर पतीच्या पश्चात तो डोंगर बाल्कनीतूनच पाहात बसण्याखेरीज त्यांना गत्यंतर राहात नाही. घर पाहताना ‘ही एकटी येथे राहू शकेल काय?’ हा प्रश्न अभद्र वाटून टाळला जातो. तो टाळू नये. शक्य तर बाईंनीच तो विचारावा आणि त्याचे उत्तर त्यांनीच द्यावे.

पुण्यातील वस्त्यांचे स्वरूप

पुणे हे या दृष्टीने एकसंध शहर नाही. शनिवार, सदाशिव, नारायण या पेठांमध्ये सर्व काही पायी अंतरावर आहे. वाणी, वैद्य, बँक, देऊळ, १८८६ साली बांधलेली मंडई आणि १८४८ मध्ये स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर ही सारी घोटभर अंतरात सापडतात. २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाल्याने मंडई व कसबा पेठेत लिफ्टची सोय असलेली स्थानकेही झाली आहेत. चालण्यास त्रास होणाऱ्या मनुष्यास अंतर कमी असण्याइतके दुसरे औषध नाही. पण पेठांची दुसरी बाजूही आहे. पदपथ नावापुरते, वाहनांची दाटी अखंड, आणि गणेशोत्सवातील विसर्जन मिरवणूक अलीकडच्या वर्षांत चोवीस तासांहून अधिक चाललेली. त्या काळात लक्ष्मी रस्त्यालगतच्या घरातून हृदयविकाराच्या रुग्णास बाहेर काढणे किती अवघड असते, याचा विचार उत्साहाच्या भरात होत नाही.

कोथरूड व एरंडवणे हा परिसर निवृत्तांचा आवडता आहे, आणि त्यास सबळ कारणे आहेत. येथील बहुसंख्य सहकारी गृहनिर्माण संस्था गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिल्या. कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांच्या आसपास बाजार, नाट्यगृह, दवाखाने व रुग्णालये यांचे जाळे आहे. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय हा मेट्रोमार्ग सुरू झाला आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने रामवाडीपर्यंत गेला. मोटार सोडावी लागल्यावरही शहराशी संबंध राहील अशी ही वस्ती आहे. तिचा दोष म्हणजे भाव, आणि जुन्या इमारती. इमारतींविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

नदी आणि ओढ्यांलगतच्या वस्त्यांबाबत नवागताने विशेष सावध असावे, कारण पाण्याच्या आठवणी स्थानिकांपाशी असतात. जाहिरातीत त्या नसतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटून मुठेला आलेला महापूर पुण्यातील जुन्या कुटुंबांच्या बोलण्यात आजही येतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने अरण्येश्वर, सहकारनगर परिसरात प्राणहानी केली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत इमारतींचे तळमजले बुडाले आणि रहिवाशांच्या सुटकेसाठी लष्कराची मदत घ्यावी लागली. मध्यरात्री पाणी वाढू लागल्यावर जिना उतरून वाहन बाहेर काढणे तरुणांना जमते, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना जमत नाही. जलसंपदा विभागाने नदीकाठी आखलेल्या दोन पूररेषा, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, विकास आराखड्याच्या नकाशावर पाहता येतात. ज्या व्यक्तीस पुढील वीस वर्षे तेथे काढावयाची आहेत, तिने निळ्या रेषेपाशी समाधान न मानता लाल रेषेचीही चौकशी करावी. नाल्यांच्या बाबतीत नकाशापेक्षा शेजारच्या किराणा दुकानदाराची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते. त्याच्या दुकानात पाणी कोठवर आले होते, हे तो बोटाने दाखवितो.

शहराच्या कडेच्या वस्त्यांचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण निवृत्तांच्या खिशाला परवडणारी मोठी घरे तेथेच मिळतात. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली. उंड्री, धायरी ही पहिल्या खेपेतील, तर वाघोली, सूस, म्हाळुंगे, पिसोळी, किरकटवाडी ही दुसऱ्या खेपेतील गावे होत. गाव महापालिकेच्या हद्दीत आले म्हणजे महापालिकेचे पाणी घरात आले असे होत नाही. या गावांतील अनेक मोठ्या संकुलांनी वर्षानुवर्षे टँकरवर भागविले आहे, आणि टँकरचा खर्च मासिक देखभाल शुल्कात शिरतो. नोकरदार तरुणाचे वेतन वाढत असते. निवृत्ताचे उत्पन्न बहुतांशी ठरलेले असते. पाण्याचा प्रश्न केवळ पैशाचाही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन-बारी सिंड्रोमचा उद्रेक झाला आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. सिंहगड रस्त्यावरील नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत त्याचा भर होता आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. अशा वस्तीत घर घेण्यापूर्वी संस्थेच्या सचिवांकडून मे महिन्याची टँकरची बिले मागावीत. इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय आणि महापालिकेची नळजोडणी आहे काय, हेही कागदावर पाहावे. ‘लवकरच येणार आहे’ हे उत्तर नकारार्थी समजावे.

ग्रंथालयांच्या ओढीने पुण्यास येणाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, गोखले संस्था, भारत इतिहास संशोधक मंडळ ही सर्व शहराच्या पश्चिम-मध्य भागात, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. वाघोली तेथून पंधरा किलोमीटरच्या आसपास दूर आहे आणि वाटेत नगर रस्त्याची कोंडी आहे. तेथून आठवड्यातून तीन दिवस मंडळात जाऊन मोडी कागद वाचण्याचा संकल्प पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकण्याची शक्यता अधिक.

दहा मिनिटांचे वर्तुळ

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ३३ शहरांतील वृद्धांशी चर्चा करून वयस्नेही शहरांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्या शहरांत भारतातील नवी दिल्ली व उदयपूर होती. सार्वजनिक जागा, वाहतूक, घर, सामाजिक सहभाग, आरोग्यसेवा अशी आठ क्षेत्रे तीत सांगितली आहेत. मार्गदर्शिका शहराविषयी बोलते. वृद्धाचे शहर मात्र त्याच्या इमारतीच्या फाटकापासून दहा मिनिटे चालण्याइतकेच असते, आणि पंच्याहत्तरीनंतरची दहा मिनिटे म्हणजे चारशे-पाचशे मीटर. तेवढ्या अंतरात दूध, भाजी, औषधाचे दुकान, रिक्षाथांबा आणि बसण्यास एखादा बाक आहे काय, हे पायी फिरूनच पाहावे लागते. मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल तर पलीकडची सर्व दुकाने हिशेबातून वगळावीत. रुग्णालयाचे अंतर प्रत्येक जण विचारतो, परंतु त्याहून महत्त्वाची एक गोष्ट क्वचितच कोणी विचारतो : रात्री घरी येणारा डॉक्टर वस्तीत आहे काय? मोठ्या रुग्णालयात वर्षातून एकदा जावे लागते, साध्या डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा. घरकामास व शुश्रूषेस येणाऱ्या बाया कोठून येतात, हेही पाहावे. त्यांची वस्ती दूर असेल आणि बस नसेल, तर गरजेच्या काळी कितीही वेतन देऊ केले तरी मदत मिळत नाही.

इमारतीचे वय

वस्ती उत्तम आणि इमारत जुनी, हे कोथरूड, एरंडवणे व पेठांतील नेहमीचे कोडे आहे. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरील घर साठीत चालते, सत्तरीत अडचणीचे होते. अशा घराचा भाव कमी असल्याने मोह होतो. शिवाय ‘पुनर्विकास होणार, नवे मोठे घर मिळणार’ असे सांगितले जाते. पुनर्विकासासंबंधी राज्य शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) अन्वये ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश दिले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारले. त्यांनुसार एकूण सदस्यांपैकी किमान ५१ टक्क्यांच्या संमतीने संस्था निर्णय घेऊ शकते. म्हणजे बासष्टाव्या वर्षी घेतलेले घर एकोणसत्तराव्या वर्षी, इच्छा असो वा नसो, रिकामे करावे लागू शकते. मग तीन-चार वर्षे भाड्याच्या घरात, बहुधा निराळ्याच वस्तीत, आणि पुन्हा परत. काम रखडले तर परतणे होईलच असे नाही. उमेदीच्या वयात जे साहस ठरते ते उतारवयात हालअपेष्टा ठरते. यास्तव जुन्या वस्तीत घर घेताना पुनर्विकास पूर्ण झालेली आणि लिफ्ट असलेली छोटी इमारत, क्षेत्रफळ कमी मिळाले तरी, अधिक श्रेयस्कर होय. ती न मिळाल्यास जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे काय, हे तरी अवश्य तपासावे.

केवळ ज्येष्ठांसाठी बांधलेल्या संकुलांचा पर्याय पुण्यात ‘अथश्री’सारख्या प्रकल्पांमुळे बराच रुळला आहे. महारेराने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी लिफ्ट, रुंद दरवाजे, न घसरणारी फरशी इत्यादींबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. सोयी चांगल्या असतात हे निर्विवाद आहे. मात्र मासिक शुल्क दरवर्षी कसे वाढेल आणि अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशाची शुश्रूषा तेथेच होते काय, हे करारात वाचावे. आणखी एक गोष्ट करारात नसते : सारे शेजारी एकाच वेळी म्हातारे होतात.

ओळखीचा प्रश्न

मूळ गावी प्राध्यापकास भाजीवाल्यापासून तहसीलदारापर्यंत सर्व जण ‘सर’ म्हणून ओळखत असतात. नव्या शहरात ते ‘ए विंग, चारशे तीन’ होतात. या बदलाचा धक्का आर्थिक हिशेबात धरला जात नाही, पण स्थलांतर पुष्कळदा येथेच फसते. रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ मध्ये घर आणि कार्यस्थळ यांखेरीजच्या, सहज जाऊन बसता येणाऱ्या ‘तिसऱ्या जागे’चे महत्त्व प्रतिपादन केले. आपल्याकडे पार, कट्टा, वाचनालयाची ओसरी, देवळाचा सभामंडप ही तिची रूपे होत. निवृत्ताचे कार्यस्थळ गेलेले असते, त्यामुळे त्याच्यापाशी घर आणि ही तिसरी जागा एवढेच उरते. वस्तीत ज्येष्ठ नागरिक संघ आहे काय, त्याची सभा नियमित भरते काय, त्यात स्त्रिया येतात काय, याची चौकशी जलतरण तलावापेक्षा अधिक मोलाची आहे.

मुलांच्या शेजारी राहावे की समवयस्कांच्या, हा पेच येथेच उद्भवतो. खराडी किंवा हिंजवडीच्या आसपास मुलाचे घर असते. तेथे दिवसा तरुण कामावर आणि मुले शाळेत असतात, आणि संकुल दुपारभर सुने असते. शिवाय माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील मुलाची नोकरी आज पुण्यात आणि तीन वर्षांनी बंगळुरूत किंवा परदेशात असू शकते. मग ज्या एका कारणासाठी ती वस्ती निवडली तेच नाहीसे होते. मुलाच्या घरापासून अर्ध्या तासावर, पण मूल नसतानाही जगता येईल अशा वस्तीत राहणे, हा यातील शहाणपणाचा मार्ग दिसतो. अर्ध्या तासाचे अंतर पुण्यातील वाहतुकीत सकाळी सातला मोजू नये, सायंकाळी सातला मोजावे.

एक वर्ष भाड्याने

वरील बहुतेक गोष्टी रविवारच्या भेटीत कळत नाहीत. त्या कळण्यास मे महिन्यातील पाणी, जुलैतील पाऊस आणि भाद्रपदातील ध्वनिक्षेपक हे तिन्ही अनुभवावे लागतात. म्हणून निवडलेल्या वस्तीत प्रथम भाड्याने राहणे हा सर्वांत कमी खर्चाचा अभ्यास होय. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार सर्वत्र रूढ आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी असणे व त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ‘भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा’ ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी समजूत येथे महाग पडते, कारण खरेदी केलेले घर वर्षभरात विकावे लागल्यास मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली यांत भाड्याहून कितीतरी अधिक रक्कम जाते.

मूळ गावचे घर या काळात विकू नये. ते कुलूप लावून ठेवावे किंवा भाड्याने द्यावे. विकावेच लागले तरी घाई नसते. प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीनुसार राहत्या घराच्या विक्रीतून झालेला दीर्घकालीन भांडवली नफा नव्या घराच्या खरेदीत गुंतविण्यास विक्रीनंतर दोन वर्षांची मुदत मिळते. ती रक्कम विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत वापरली गेली नसेल, तर बँकेतील भांडवली नफा खात्यात जमा करावी लागते. तेवढ्या अवधीत भाड्याची दोन निरनिराळ्या वस्त्यांतील घरेही पाहून होतात, आणि पत्नीच्या ओळखी कोणत्या वस्तीत अधिक लवकर झाल्या हेही ध्यानात येते.